वडापावचा भाव गाडीवर लिहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी कराडहून माझी धाकटी नणंद आली होती, नवरा आणि दोन मुलांसह. मुलांना गेटवे बघायचा होता. घारापुरीहून बोटीने गेटवेला परतलो तेव्हा चार वाजले होते. मुलं भुकेने कासावीस झाली होती, म्हणून जवळच्याच एका गाडीवर वडापाव घेतले. आमच्या आधी एक टॅक्सीवाले उभे होते. त्यांनी एक वडापाव घेतला, वीसची नोट दिली आणि ते निघून गेले. आम्ही पाच खाल्ले. मागितले तीनशे रुपये.

"आत्ता त्यांना वीसला दिलात ना?" असं मी विचारलं. उत्तर आलं, "ते रोजचे आहेत." नणंदेने पैसे काढून दिले आणि हळूच म्हणाली, "वहिनी, आमच्याकडं पंधराला मिळतोय की." तिच्यासमोर मला मान वर करवेना. पाहुणी माझी, शहर माझं, आणि लूट तिची झाली.

महागाई मला कळते. तेल, बेसन, व्यावसायिक सिलिंडर, सगळंच वाढलंय. बेकऱ्यांमधल्या लाकडाच्या भट्ट्या बंद करण्याचा विषय निघाल्यापासून पावाचीही धास्ती आहे. वडापाव पंचवीसचा झाला तरी मी तक्रार करणार नाही. पण एकाच कढईतला वडा टॅक्सीवाल्याला वीसला आणि खांद्याला पिशवी लावून आलेल्या पाहुण्याला साठला, यात महागाई कुठे आली? मोठ्या हॉटेलात शेवपुरीला चारशे रुपये घेतात, तेही मला पटत नाही. पण तिथे निदान मेन्यूकार्डावर आकडा असतो, परवडत नसेल तर माणूस उठून जाऊ शकतो.

मी लालबागची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. वडिलांचा पगार थांबला आणि पुढे गिरणीच बंद झाली. आमच्या चाळीतल्या एका काकूंनी नाक्यावर कढई मांडली. वडे तळून त्यांनी तीन मुलांच्या फिया भरल्या. संध्याकाळी आई कधी कधी आम्हा चौघांत दोन वडापाव आणायची, तेच जेवण असायचं. काकू कुणाचं तोंड बघून भाव सांगत नसत. उलट ज्याच्याकडे सुटे नसत त्याला "उद्या दे" म्हणत. म्हणूनच या पदार्थाच्या नावाखाली कुणाला फसवलं की माझ्या जिवाला लागतं.

गाडीवाल्यांना हाकलून द्या असं मी मुळीच म्हणत नाही. तीही पोटासाठी उभी असलेली माणसं आहेत. पाण्याच्या बाटलीवर छापील किंमत असते, तिच्यापेक्षा जास्त घेतले तर तक्रार करता येते. गाडीवरच्या ताज्या पदार्थाला अशी छापील किंमत नसते. मग निदान पाटी तरी हवी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे आणि तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच असायला हवेत. भाव किती असावा हे विक्रेत्यांनीच ठरवावं, फक्त तो मोठ्या अक्षरांत गाडीवर लिहिला जावा आणि सगळ्यांना सारखा असावा, एवढा नियम या समितीने करावा. प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्यांचाही त्यात फायदाच आहे, कारण एकाने लुटलं की गिऱ्हाईक सगळ्याच गाड्यांकडे पाठ फिरवतं.

गेटवेसाठी महापालिकेच्या ए विभागाने आणि गिरगाव चौपाटीसाठी डी विभागाने एवढं करावं, ही कळकळीची विनंती. मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एक पाटी लावायला फार खर्च येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत गावोगावची माणसं मुलांना घेऊन मुंबई बघायला येतील, त्याआधी हे व्हावं.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई