कामगार कायदा शिकवणारे कुठे आहेत?

महोदय,

विधी महाविद्यालयांत कामगार कायदा परीक्षेपुरता उरला आहे. हुशार मुले कंपनी कायद्याकडे वळतात. यात पीएचडी करून शिकवायला येणारे फार थोडे. फटका बसतो तो पालिकांच्या, महामंडळांच्या रोजंदारी कर्मचाऱ्यांना. नियमित भरतीशिवाय नेमलेल्या हंगामी, रोजंदारी कर्मचाऱ्यांना कायम होण्याचा हक्क नाही, असे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या उमादेवी निकालानंतर ‘आता कायम होणे विसरा’ असे त्यांना सर्रास सांगितले जाते. पण 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच एसटीच्या प्रकरणात म्हटले, की महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याखालचे औद्योगिक न्यायालयाचे अधिकार त्या निकालाने जात नाहीत. (पदे मात्र मंजूर असावी लागतात.) या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतली सहावी बाब वाचावी: कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने माणसाला वर्षानुवर्षे बदली (म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम करणारा) किंवा तात्पुरता कामगार म्हणून ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा आहे. हे बारकावे वर्गात घोटून घेतले नाहीत, तर वकील ते कोर्टात मांडणार कसे? विद्यापीठांनी या विषयाच्या जागा तासिका तत्त्वावर न ठेवता पूर्णवेळ भराव्यात आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या हक्कांवरील संशोधनाला शिष्यवृत्ती द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त विधी प्राध्यापक, सोलापूर