आधी पत्रा पाहा, मग रंग निवडा

महोदय,

पंधरा वर्षे झालेल्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. त्यात पर्यावरण कर, विमा आणि पासिंगआधीची डागडुजी. एवढे भागवून हातात जे उरते ते बहुतेक गाडीमालक वरच्या चकाकीवर खर्च करतात, आणि पुढच्या पावसाळ्यात दाराखालच्या फुटबोर्डाला फोड धरतात. जुनी गाडी पुन्हा रंगवायची आणि पैसे बेताचे असतील, तर रंगाची फवारणी तेवढी गॅरेजकडे द्यावी. सुटे भाग काढणे, धुणे आणि घासणे घरी करावे. मजुरीचा मोठा वाटा घासण्यातच जातो आणि त्याला लागते ती मुख्यतः चिकाटी.

सुरुवात थिनरने करा. कापडाचा बोळा थिनरमध्ये बुडवून दाराच्या खालच्या कोपऱ्यात मिनिटभर चोळा. रंग बोळ्याला लागला, तर गाडीवर आधी कुणीतरी स्वस्तातला एन.सी. (नायट्रोसेल्युलोज, थिनरमध्ये विरघळणारा) रंग मारलेला आहे. त्यावर हार्डनर (घट्ट करणारे रसायन) मिसळायचा रंग थेट मारला तर खालचा थर फुगतो, वर सुरकुत्या पडतात आणि सगळे खरवडावे लागते. असा थर आधीच काढून टाकावा.

धुणे घासण्याच्या आधी. हा क्रम नेहमी चुकतो. जुन्या पॉलिशमधले मेण आणि सिलिकॉन न काढता घासले, तर ते ओरखड्यांत बसते आणि फवारणीच्या वेळी रंग जागोजागी बाजूला सरकून गोल खळगे पडतात. भांड्याच्या साबणाने धुऊन, वाळवून, मग वॅक्स रिमूव्हरने पुसावे: एका कापडाने लावायचे, ते सुकण्याआधी दुसऱ्या कोऱ्या कापडाने टिपायचे.

दिवे, आरसे, हँडल, बीडिंग (कडेच्या पट्ट्या), नंबरप्लेट उतरवा. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून वर नाव लिहा. पुढची काच रबरात बसवलेली असेल, जशी जुन्या मारुती ८०० मध्ये असते, तर रबराच्या ओठाखाली सगळीकडून नायलॉनची दोरी सरकवा. ओठ उचलला जातो, रंग त्याच्या खालपर्यंत पोहोचतो आणि काच काढायचा खर्च वाचतो. शिवाय त्या रबराखालचा गंजही तेव्हाच दिसतो.

गंजाशी तडजोड नको. स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. आरपार गेला तर पत्र्याचा तुकडा वेल्ड करूनच घ्यावा लागतो. वरवरचा गंज वायर ब्रश आणि ८० नंबरच्या सँडपेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा. रस्ट रिमूव्हर वापरला तर डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन पत्रा लगेच पूर्ण कोरडा करा, कारण आम्ल मागे राहिले तर एपॉक्सी प्रायमर (पत्र्यावरचा पहिला, गंज रोखणारा थर) धरत नाही. तो प्रायमर त्याच दिवशी लागला पाहिजे. कोकणाच्या खाऱ्या हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. दारांच्या तळाशी पाणी जायची छिद्रे असतात, ती बुजवू नका.

खळगे भरायच्या पॉलिएस्टर पुट्टीत हार्डनर साधारण दोन टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम. जास्त घातला की लवकर वाळते म्हणून कारागीर हात सैल सोडतात. नंतर हार्डनरचा डाग वरच्या रंगातून डोकावतो. कमी पडला तर पुट्टी चिकट राहते. थर तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको, खोल पोचा आधी ठोकून वर आणावा. आणि पुट्टी कोरडीच घासा: ८०, मग १८०, मग ३२०. ती पाणी शोषते, ते पाणी प्रायमरखाली अडकते आणि पुढे फोड म्हणून वर येते. बोटांनी घासू नका, लाकडी किंवा रबरी ठोकळ्यावर पेपर गुंडाळा. बोटांच्या ओळी चमकदार रंगात हमखास दिसतात. जुन्या रंगाची कडा नखाला लागेनाशी होईपर्यंत उतरती करावी.

पुट्टीवर मारलेला सरफेसर (बारीक ओरखडे भरणारा जाड प्रायमर) वाळल्यावर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा मारून ६०० च्या पाणीपेपरने (पाणी लावून वापरायच्या सँडपेपरने) घासा. जिथे काळे ठिपके उरतात तिथे खळगा आहे. साधा प्रायमर मारलेली गाडी मात्र पावसात फिरवू नका, तो पाणी आत जाऊ देतो. बंपरच्या उघड्या प्लॅस्टिकला प्लॅस्टिक प्रायमर लागतो, नाहीतर रंग पापुद्र्याने सुटतो.

झाकण्यासाठी वर्तमानपत्र चालते (आपला अंकही गॅरेजमध्ये याच कामी येतो), पण दुहेरी लावा. एकेरी कागदातून थिनर झिरपतो आणि छपाईची शाई पत्र्यावर उमटते.

हार्डनरच्या रंगात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही, म्हणून फवारणी घरच्या अंगणात करू नये. रंगछटा बदलणार असाल तर आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते. मूळ रंग ठेवला तर तो खर्चही वाचतो.

गॅरेजवाल्यांना एक विनंती: पुट्टी लावण्याआधी ग्राहकाला उघडा पत्रा दाखवावा, आणि बिलात वेल्डिंग, घासकाम, प्रायमर व रंग यांचे आकडे वेगवेगळे लिहावेत.

– एक वाचक, रत्नागिरी