रमाबाईंच्या वेळचे वाँटेजचे चॅपल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पंडिता रमाबाईंच्या इंग्लंडमधील वास्तव्यावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख अभ्यासपूर्ण आहे. मात्र ‘रमाबाई येथे प्रार्थना करीत’ अशी ओळ देऊन सोबत छापलेले छायाचित्र इंग्लंडमधील वाँटेज गावच्या सेंट मेरी या ख्रिस्ती भगिनींच्या मठातील मोठ्या चॅपलचे, म्हणजे प्रार्थनागृहाचे आहे. जॉन लफबरो पीअरसन या वास्तुकाराचे ते काम १८८७ नंतरचे. रमाबाई १८८३ मध्ये वाँटेजला आल्या, तिथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढच्या वर्षी त्या चेल्टनहॅमला गेल्या आणि १८८६ मध्ये त्यांनी इंग्लंड सोडले.

त्यांच्या वेळचा मठ मुख्यतः जॉर्ज एडमंड स्ट्रीट याने १८५० च्या दशकात उभारलेला होता. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचा आराखडा करणाऱ्या गिल्बर्ट स्कॉटच्या कचेरीत साहाय्यक म्हणून काम केलेला हा वास्तुकार काही काळ वाँटेजमध्येच राहत होता. व्हिक्टोरियन काळातील अशा छोट्या मठ-चॅपलांकडे गावच्या चर्चची लहान प्रतिकृती म्हणून पाहिले जाते, ते मला पटत नाही. चर्चमध्ये सारी बाके वेदीकडे तोंड करून असतात. इथे भगिनींची आसने दोन्ही लांब भिंतींलगत समोरासमोर मांडलेली असतात, कारण दिवसातून अनेकदा होणाऱ्या प्रार्थनेत स्तोत्राचे एक चरण एका बाजूने म्हणायचे आणि पुढचे दुसरीने. आवाज पलीकडे नीट पोचावा, एवढीच रुंदी पुरते. मधली वाट मोकळी राहते, आणि बाहेरून आलेल्यांची जागा पश्चिमेच्या टोकाला, थोडी वेगळी असते. पीअरसनची दगडी कमानींची छते (ट्रूरो कॅथीड्रल त्याचेच) भव्य खरी, पण भगिनींच्या रोजच्या पाठाची गरज साध्या, अरुंद दालनातही भागते.

या मठात काम केलेल्या विल्यम बटरफील्डची कारागिरी पाहायला तर इंग्लंडलाही जावे लागत नाही. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधील धातूच्या जाळीचा पडदा, बाके आणि इंग्लंडहून आणवलेल्या भौमितिक नक्षीच्या फरशा त्याच्याच आराखड्यानुसार आहेत. वाँटेजच्या भगिनी १८७७ पासून पुण्यात होत्या आणि रमाबाईंचा त्यांच्याशी परिचय तिथल्या पंचहौद मिशनमध्येच झाला, हे लेखात आले असते तर बरे झाले असते.

छायाचित्राखालची ओळ पुढील अंकात दुरुस्त करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे