ग्रंथालयाचा नकाशा आधी ग्रंथपालाला दाखवा

मा. संपादक,

‘स्मार्ट’ ग्रंथालयांची चित्रे पाहिली की दारातच भलामोठा टचस्क्रीन आणि भिंतभर पडदे दिसतात. माझी सगळी नोकरी देवघेव विभागात आणि पुढे ग्रंथपाल म्हणून झाली. खऱ्या उपयोगाची यंत्रणा बहुधा नजरेआड असते आणि तिची जागा इमारतीच्या नकाशातच ठरवावी लागते, हे मला आग्रहाने सांगायचे आहे.

आरएफआयडीचेच, म्हणजे रेडिओलहरींनी पुस्तक ओळखणाऱ्या चिपांचेच पाहा. पुस्तकात चिकटवलेली चिप सहसा १३.५६ मेगाहर्ट्झवर चालते. हातातले यंत्र कपाटासमोरून फिरवले की पुस्तके बाहेर न काढता मोजणी होते. मोजणीसाठी देवघेव बंद ठेवावी लागलेल्या कोणालाही याचे मोल कळेल. पण रेडिओलहरींना धातू आडवा येतो. लोखंडी कपाटाच्या उभ्या पत्र्याला टेकलेली पुस्तके यंत्राकडून सुटतात. पातळ पुस्तकांच्या चिपा एकमेकींवर आल्या तरी तेच. म्हणून कपाटे कशाची घ्यायची हे यंत्रणा निवडतानाच ठरायला हवे. फिनलंडमधील हेलसिंकीत २०१८ मध्ये उघडलेल्या ऊडी ग्रंथालयात परत आलेली पुस्तके वर नेण्याचे काम यंत्रमानव करतात. त्यांच्या वाटा इमारत उभी राहिल्यावर कशा काढणार?

विजेचेही तसेच. प्लग फक्त भिंतीला दिले की वाचक भिंतीकडे सरकतात, मधली टेबले ओस पडतात, वायरी पायांत येतात. उचलता येणाऱ्या फरशीखालून वायरी नेल्या तर टेबले हवी तेव्हा हलवता येतात. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, असे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच मांडले. वाढायला जागा अशीच ठेवावी लागते.

चौकशीच्या टेबलाशी माइकचा आवाज चुंबकीय लहरींतून पाठवणारे तारेचे वेटोळे बसवले, तर टी-कॉइल (त्या लहरी पकडणारी छोटी गुंडाळी) असलेल्या श्रवणयंत्रात कर्मचाऱ्याचा आवाज थेट पोहोचतो. दोनदा विचारून, तरीही ऐकू न आल्याने संकोचून निघून गेलेले वृद्ध वाचक मी पाहिले आहेत. माझ्या यादीत हे वेटोळे टचस्क्रीनच्या कितीतरी वर आहे.

रिकाम्या खुर्च्या मोजायला कॅमेरे मात्र नकोत. शरीराची उष्णता ओळखणारे सेन्सर पुरतात. पुस्तकाच्या चिपेत त्या प्रतीचा दाखल क्रमांक (नोंदवहीतला क्रमांक) असावा, वाचकाचे नाव कदापि नसावे. कोण काय वाचतो हे आम्ही काउंटरपलीकडे जाऊ दिले नाही, यंत्रांनाही तोच नियम लावावा.

निविदा निघण्यापूर्वी नकाशा देवघेवीच्या कर्मचाऱ्यांसमोर आणि रोज येणाऱ्या वाचकांसमोर ठेवावा, ही ग्रंथालये उभारणाऱ्या सर्वांना कळकळीची विनंती.

– एक निवृत्त ग्रंथपाल