छबिन्यापुढं गावचं वाजप हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावची यात्रा चैत्रात असते. गावच्या बँडमध्ये मी ३१ वर्षं क्लॅरोनेट वाजवतोय. पूर्वी छबिन्याला, म्हणजे रात्रीच्या मिरवणुकीला, पालखी देवळातून निघाली की पुढं हलगी, घुमकं आणि कैताळ असायचं, त्यामागं आम्ही. हलगीचं कातडं रात्रीच्या गारव्यानं सैल पडतं. मग चौकाचौकात पाचट पेटवून ती शेकायची. कडक झाली की अशी कडाडायची, की पार मळ्यातल्या वस्तीवरची माणसं म्हणायची, चला, पालखी वेशीत आली.

यंदा आम्हाला डीजेच्या गाडीमागं उभं केलं. शेजारच्या ट्रंपेटवाल्याचा सूर मला ऐकू येईना, मग लोकांना काय ऐकू जाणार? अर्ध्या वाटेत आमच्या हलगीवाल्यानं हलगी खांद्याला अडकवली आणि गुमान चालत राहिला. त्याचे वडील, आजोबा याच पालखीपुढं वाजवत आले. त्याचा तो चेहरा मला अजून विसरता येत नाही.

पोरांना डीजे हवा असेल तर त्यांनी तो दुसऱ्या दिवशी, कुस्त्यांनंतर लावावा. पण छबिन्याचे दोन तास तरी गावच्या वाजंत्र्यांचे असावेत. आणि बिदागी त्याच रात्री हातात मिळावी, ती मागायला महिनाभर खेटे घालायला लावू नयेत. यात्रेच्या पत्रिकेत देणगीदारांची नावं दोन पानं भरून असतात. त्यात वाजवणाऱ्यांसाठी चार ओळी ठेवाव्यात, ही सगळ्याच यात्रा कमिट्यांना विनंती.

आपला,
एक क्लॅरोनेटवादक, ता. तासगाव, जि. सांगली