उद्यमनगरच्या मिस्त्रींना, आमच्या लेथच्या चकबद्दल

मिस्त्री, नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "ते राहू द्या, मशीन कसं चाललंय ते सांगा" म्हणून विषय बदलता, आणि त्या दिवशी आमचा चक दुरुस्त करून निघताना पैशाचं तर बोलूच दिलं नाहीत, म्हणून हे चार लोकांसमोर लिहितोय. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहीत आहे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातली जुनी माणसं बरोबर ओळखतील.

मशीन मस्त चाललंय. परवा पंपाचे शाफ्ट काढले, ६२०६ नंबरच्या बेअरिंगची सीट होती, म्हणजे बेअरिंग बसते ती जागा, ३० मिलिमीटरची. तिथं फिट म्हणजे सगळा शतांशाचा खेळ, जरा जास्त उतरलं की बेअरिंग सैल आणि शाफ्ट भंगारात. एक टोक केलं, उलटून दुसरं टोक धरलं, जॉब किती वाकडा फिरतो ते दाखवणारा डायल लावला आणि काटा चार घरांच्या आत फिरला, एक घर म्हणजे ०.०१ मिलिमीटर. अण्णांनी खुर्चीतूनच विचारलं "किती?" आणि मी सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. आमच्या घरात याला लई मोठी शाबासकी म्हणतात.

ज्यांचा लेथशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा गोल फिरवून टूलनं कापायचं मशीन, त्या तुकड्याला आम्ही जॉब म्हणतो. चक म्हणजे लेथचा पंजा, तो जॉब धरतो. आमचा तीन जॉचा, म्हणजे तीन बोटांचा. चावी फिरवली की आतली स्क्रोल प्लेट फिरते आणि तिच्या आट्यांवर तिन्ही जॉ एकदम आत येतात. वर्षानुवर्षं त्याच त्याच मापाचे बार धरले की स्क्रोल तेवढ्याच पट्ट्यात झिजते, जॉ बसतात त्या खाचा सैल पडतात, आणि जॉ तोंडाशी फाकतात. मग जॉब फक्त मागच्या बाजूला धरला जातो, पुढं मोकळाच. टूल लावलं की थरथरतो, टेपर येतो म्हणजे एका टोकाला जाड एका टोकाला बारीक, उलटून धरला की दुसरं टोक भलतीकडंच. आमच्या डायलचा काटा वीस घरं हलायचा, म्हणजे ०.२० मिलिमीटर. अशा चकवर बेअरिंग सीट करायची तर प्रत्येक शाफ्ट दोन्ही टोकांना टोकदार सेंटरमध्ये धरून घ्या नाहीतर चार जॉचा चक चढवून डायलनं मारत बसा. गुऱ्हाळाचा सीझन तोंडावर, चरकाची बुश आणि पिना रांगेत, शेतकरी दारात उभा, तिथं एवढा वेळ कुठनं आणायचा.

तुमच्या आधी जे झालं ते लिहिल्याशिवाय तुमच्या कामाची किंमत कळणार नाही, म्हणून लिहितो, नावं कुणाचीच घेत नाही. एका दुकानदारानं नवीन चक दिला, खोक्यावर सगळं चकचकीत. बॅकप्लेटचं, म्हणजे चक ज्या प्लेटवरून लेथला बसतो तिचं, विचारलं तर "जुनीच बसते हो" म्हणाला. बसली नाहीच, रजिस्टरमध्ये, म्हणजे चक आणि प्लेट एकमेकांत बसतात त्या खाचेत, सरळ हालत होती. बॅकप्लेट ज्या लेथला लावायची त्याच लेथवर टर्न करून चकला फिट करायची असते, हे चक विकणाऱ्याला माहीत नसावं? आणि चक नुसता घेऊन बघितला तरी जॉ एकसारखे बसत नव्हते. परत न्यायला गेलो तर विकलेला माल परत नाही, आणि वर "एवढं चालतंय, वापरून सेट होईल". चक वापरून सेट होत नाही, वापरून झिजतो. ते पैसे गेले.

त्यानंतर आला तो "जॉ ग्राइंड करून देतो" म्हणणारा. त्यानं जॉ सैल ठेवून तसेच घासले, कशावर आवळलेच नाहीत. जॉब धरताना जॉवर जो ताण येतो तो ताण देऊनच घासायचं, नाहीतर घासताना एका जागी आणि धरताना दुसऱ्या जागी, हे मला तुमच्याकडून कळलं. त्याचं काम झाल्यावर चक आधीपेक्षा वाईट. पण मला त्याहून लागलं ते वेगळंच. ग्राइंडिंगची सगळी धूळ त्यानं बेडवर, म्हणजे टूल धरणारी कॅरेज ज्यावरून सरकते त्या लेथच्या पाटावर, तशीच पडू दिली. उघड्या बेडवर. राजकोट मेकचा सहा फुटी लेथ आहे आमचा, अण्णांनी कर्ज काढून घेतलेला, रोज संध्याकाळी बेड पुसून तेलाचा हात फिरवल्याशिवाय ते कधी घरात आले नाहीत. ग्राइंडिंग व्हीलची कच बेडवर पडून कॅरेजखाली गेली की ती बेडच खाते. अण्णा ते बसल्या जागेवरून बघत होते, उठवत नाही आता त्यांना, आणि तो माणूस "फुंकर मारून घ्या" म्हणून निघून गेला.

आणि मग तुम्ही आलात. एसटीनं, पोत्यात गुंडाळलेला टूलपोस्ट ग्राइंडर, म्हणजे लेथवरच टूलच्या जागी बसवायचं घासायचं यंत्र, घेऊन. कंडक्टरनं म्हणे ते पोतं सीटखाली ठेवायला स्वतः हात लावला, त्या कंडक्टरचेही आभार.

तुम्ही चक खोललात, रॉकेलनं धुतलात, जॉवरचे १, २, ३ नंबर खाचांच्या नंबरशी जुळवून बघितलेत, आणि माझं बोट धरून स्क्रोलच्या आट्यांवरून फिरवलंत. मधे कुठं खोलगट लागतंय ते मला माझ्या बोटाला कळलं. हे सगळं लई भारी होतं. पण मला ज्यासाठी लिहायचंय ती गोष्ट यात नाही.

ग्राइंडर बसवला, जॉवर ताण यावा म्हणून त्यांच्यात रिंग आवळली, आता स्विच मारणार, तेवढ्यात तुम्ही थांबलात. इकडंतिकडं बघितलंत. मी जुनी पोती आणायला आत पळालो, बाहेर येतो तर तुम्ही गळ्यातला टॉवेल काढून आमच्या बेडवर पसरला होता. पांढरा, घडीचा, बहुतेक घरातनं निघताना घेतलेला. कडेनं नीट दाबत होतात, चकखालपासून कॅरेजपर्यंत, कुठं फट राहू नये म्हणून. मी म्हटलं मिस्त्री, पोती आणलीत की. तुम्ही म्हणालात, "पोत्याच्या विणीतनं धूळ गळते. ती वर टाका, टॉवेल खाली राहू दे." बास. एवढंच. आणि काम सुरू केलंत.

अण्णा बघत होते. तुम्हाला कदाचित ध्यानातही नसेल. रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "त्या माणसानं मशीन आपलं समजून झाकलं." आधीच्या माणसानंतर ते वर्कशॉपमध्ये बसायलाच तयार नव्हते, मागं घरात पडून असायचे. आता रोज सकाळी खुर्ची बाहेर टाकायला सांगतात.

आणि तुमचा खरेपणा. काम झाल्यावर दुसऱ्या कुणी "एकदम नवा चक झाला" म्हणून सांगितलं असतं. तुम्ही सांगितलंत की जॉ सरळ केलेत, पण स्क्रोलची झीज आहे तिथंच आहे, २५ ते ४० च्या मापात निर्धास्त काम करा, त्याच्या वरखाली गेलात तर डायल लावून बघा, आणि दोनेक वर्षांत नवीन चकची तयारी ठेवा. घेताना जॉ त्याच चकचे आहेत ना ते नंबरवरून बघा, आणि बॅकप्लेट मी येऊन तुमच्याच लेथवर काढून देतो. स्वतःच्या कामाची कमी बाजू स्वतःहून सांगणारा माणूस मी धंद्यात फार बघितला नाही. आमच्या भागात ऑइल इंजिनांपासून फाउंड्रीपर्यंत जे काही उभं राहिलं ते अशाच लोकांच्या जिवावर, असं अण्णा कायम सांगायचे. माझा त्यावरचा विश्वास त्या दुकानदारानं आणि त्या ग्राइंडिंगवाल्यानं उडवलाच होता. माणसं अजून आहेत. शेजारच्या दुकानातला पोरगा नाही का, मागितला की रीमर काढून देतो, परत कधी देणार हेही विचारत नाही. ज्या पंपवाल्याकडून तुमचा नंबर मिळाला तो स्वतःचं गिऱ्हाईक सोडून माझ्याशी अर्धा तास फोनवर बोलला. यात कुणाचा काय फायदा होता?

टॉवेल धुवून ठेवलाय. डाग पूर्ण गेले नाहीत, काळपट राहिलाय, त्यामुळं नवीनही आणलाय, दोन्ही न्यायचे.

दिवाळीनंतर या. चार जॉच्या चकचा एक स्क्रू आटे सोडतोय, तो तुम्हीच बघा, दुसऱ्या कुणाला आता हात लावू देणार नाही. जेवण आमच्याकडं, एसटीचं भाडं आमचं, आणि या वेळी मजुरी आधी ठरवायची, मग चक खोलायचा. हे माझं नाही, अण्णांचं सांगणं आहे, त्यामुळं तुम्हाला ऐकावंच लागेल.

तुमचा,
गडहिंग्लजकडचा लेथवाला