उनिर्या उर्झिचेनी विसरू नका

मा. संपादक,

युरोपातल्या क्लब फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धेच्या, चॅम्पियन्स लीगच्या, बातम्या आल्या की मला रुमानियाचं उर्झिचेनी आठवतं. बुखारेस्टच्या ईशान्येला असलेलं हे गाव म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं ठिकाण म्हणावं एवढंच. तिथला उनिर्या क्लब 2006 मध्ये पहिल्या श्रेणीत आला आणि 2009 मध्ये चक्क देशाचा विजेता ठरला. प्रशिक्षक होते इंग्लंडच्या चेल्सी क्लबचे माजी बचावपटू दान पेत्रेस्कू. गावातलं मैदान युरोपीय सामन्यांना अपुरं, म्हणून 'घरचे' सामनेसुद्धा राजधानीत, स्टेआवा क्लबच्या मैदानावर.

20 ऑक्टोबर 2009 चा चॅम्पियन्स लीगमधला, ग्लासगोत स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबशी झालेला उनिर्याचा सामना मी रात्री जागून पाहिला. रेंजर्सनं सुरुवातीलाच आघाडी घेतली, तेव्हा वाटलं, आता धुव्वा उडणार. पण उनिर्याच्या बिलाश्कोनं बरोबरी साधली आणि नंतर रेंजर्सच्याच खेळाडूंनी दोनदा चेंडू स्वतःच्या जाळ्यात घातला. उनिर्या 4-1 नं विजयी! घरचे झोपलेले, म्हणून तोंडावर उशी दाबून ओरडलो होतो. पुढे या संघानं स्पेनच्या सेव्हिया क्लबलाही हरवलं आणि गटात तिसरं स्थान मिळवलं.

मग मात्र पेत्रेस्कू गेले, एकेक करून खेळाडू विकले गेले. 2011 मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला आणि त्याच वर्षी क्लब बंद पडला. विजेतेपदाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. याची मला आजही हळहळ वाटते. आपल्या क्रीडा पानावर बड्या क्लबांच्या जोडीनं अशा विस्मृतीत गेलेल्या क्लबांनाही कधीतरी जागा द्यावी, ही विनंती.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, सांगली